न थांबणारा कोरडा खोकला : कारणे, उपचार व दक्षता

रोगाचे मूळ खोकला, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी पूर्वापार म्हणत आली आहेत. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये, हा त्या म्हणण्यातील बोध सर्वस्वी योग्य आहे. तथापि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने खोकला हे रोगाचे मूळ नसून ते रोगाचे लक्षण होय. मूळ अन्यत्र असते. ते नाकात असेल, श्वासनलिकेत असेल, फुप्फुसात असेल, जठरात असेल, क्वचित रक्तदाबासाठी नित्य घेतल्या जाणाऱ्या गोळीतही असेल. मूळ तसेच ठेवून लक्षण तेवढे दाबून टाकल्यास रोग आत वाढत राहतो व योग्य उपचारास उशीर होतो.

गोव्यासारख्या दमट हवेच्या प्रदेशात पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणि त्यानंतर थंडीच्या प्रारंभी खोकल्याचे रुग्ण वाढतात. त्यांपैकी बहुतेक जण आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. काहींचा खोकला मात्र थांबत नाही. बेडका पडत नाही, अंगात ताप जाणवत नाही, दिवसाची कामे कशीबशी चालू राहतात; पण रात्री अंथरुणाला पाठ टेकताच ढास लागते आणि रुग्णाबरोबर घरच्यांचीही झोप मोडते. मग औषधांच्या दुकानातून एक बाटली आणली जाते. ती संपली की दुसरी आणली जाते. असे दोन-तीन महिने निघून जातात. हे महिने वाया जाऊ नयेत, यासाठी अशा खोकल्यामागील कारणे, त्यांची तपासणी व उपचार यांची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

खोकला कशासाठी येतो

खोकला ही शरीराची एक संरक्षक व्यवस्था आहे. स्वरयंत्र, श्वासनलिका व तिच्या मोठ्या शाखा यांच्या आतील अस्तरात सूक्ष्म मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात. धूळ, धूर, अन्नाचा कण, स्राव किंवा दाह यांमुळे ही टोके चाळवली गेली की तेथून मेंदूच्या खालच्या भागाकडे संदेश जातो. तत्काळ मनुष्य खोल श्वास घेतो, स्वरयंत्राचे द्वार क्षणभर मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू आवळले जातात आणि द्वार उघडताच कोंडलेली हवा जोराने बाहेर पडते. नको असलेला पदार्थ तिच्याबरोबर बाहेर फेकला जातो.

ज्या खोकल्याबरोबर बेडका पडतो तो ओला खोकला आणि ज्यात काहीच बाहेर पडत नाही तो कोरडा खोकला होय. कोरड्या खोकल्यात मज्जातंतूंची टोके चाळवली जात असतात, परंतु बाहेर टाकण्यासारखे तेथे काही नसते. त्यामुळे खोकून आराम पडत नाही. उलट घसा अधिक खवखवतो आणि खोकल्यातून खोकला वाढतो. ज्या मज्जातंतूवाटे हे संदेश जातात त्याची एक लहान शाखा कानापर्यंत गेलेली असते. म्हणून कानात साठलेल्या मळामुळेही काही व्यक्तींना कोरडा खोकला येतो आणि मळ काढताच तो थांबतो. खोकल्याचे कारण नेहमी छातीतच असते असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

कालावधीचे महत्त्व

खोकल्याचे कारण शोधताना डॉक्टर प्रथम तो किती दिवसांचा आहे हे विचारतात. तीन आठवड्यांच्या आतील खोकला बहुधा सर्दी-पडशासारख्या विषाणूजन्य विकाराचा असतो व तो आपोआप बरा होतो. तीन ते आठ आठवडे टिकणारा खोकला पुष्कळदा अशाच विकाराची मागे राहिलेली खूण असतो. विषाणू नाहीसे झालेले असतात, परंतु श्वासनलिकेचे अस्तर नाजूक बनलेले असते आणि थंड हवा, धूर किंवा उग्र वासाने ढास लागते. कोविडच्या साथीनंतर असा लांबलेला खोकला अनेकांनी अनुभवला. प्रौढ व्यक्तीचा खोकला आठ आठवड्यांहून अधिक काळ टिकला, तर तो जुनाट खोकला समजतात. लहान मुलांच्या बाबतीत ही मर्यादा चार आठवड्यांची मानली जाते.

मात्र याचा अर्थ आठ आठवडे वाट पाहावी असा मुळीच नाही. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ खोकला असलेल्या प्रत्येक व्यक्तीची क्षयरोगासाठी तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. खोकला कोरडा असो वा ओला, दोन आठवड्यांची ही मर्यादा प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

क्षयरोगाची शंका प्रथम दूर करावी

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध लावल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. त्याची आठवण म्हणून २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. फुप्फुसाच्या क्षयात प्रारंभी खोकला पुष्कळदा कोरडाच असतो. बेडका, त्यात रक्त, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे व वजन घटणे ही लक्षणे कालांतराने दिसू लागतात. म्हणून बेडका पडत नाही, तेव्हा क्षय नसावा, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

उपचार न घेणाऱ्या एका क्षयरुग्णाकडून वर्षभरात दहा ते पंधरापर्यंत व्यक्तींना संसर्ग होऊ शकतो. हा संसर्ग प्रथम घरातील मुलांना, वृद्धांना व शेजारी बसून काम करणाऱ्यांना होतो. योग्य औषधे सुरू झाल्यावर मात्र साधारणतः दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून होणारा प्रसार पुष्कळच कमी होतो. तपासणीस झालेल्या उशिराची किंमत एकट्या रुग्णास नव्हे, तर सबंध कुटुंबास द्यावी लागते, ती अशी.

मधुमेही व्यक्तींनी याबाबत अधिक सावध असावे, कारण मधुमेहामुळे क्षय जडण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. या राज्यात दोन आठवड्यांच्या नियमाचे महत्त्व त्यामुळे विशेष आहे.

तपासणीसाठी द्यावयाचा नमुना तोंडातील थुंकीचा नसून छातीतून आलेल्या बेडक्याचा असावा लागतो. सकाळी उठल्याबरोबर पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि मग जोराने खोकून नमुना डबीत घ्यावा. हे काम उघड्यावर, इतरांपासून दूर करावे. कोरड्या खोकल्यात बेडका सहज पडत नाही. अशा वेळी छातीच्या क्ष-किरण चित्रावरून व डॉक्टरांच्या सल्ल्याने अन्य मार्गांनी निदान करता येते. बेडका पडत नाही म्हणून तपासणी टाळू नये.

पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहण्यावरच मुख्य भिस्त होती. आता जंतूच्या जनुकीय घटकांवरून काही तासांत निदान करणाऱ्या चाचण्या उपलब्ध आहेत. त्यांतील 'ट्रूनॅट' ही चाचणी गोव्यातच वेर्णा येथे कार्यालय असलेल्या संस्थेने विकसित केली असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिला मान्यता दिली. बॅटरीवर चालणारे तिचे यंत्र लहानशा आरोग्य केंद्रातही वापरता येते आणि क्षयाच्या एका प्रमुख औषधास जंतू दाद देतो की नाही, हेही तीवरून समजते.

औषधांना दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन औषधे दररोज घ्यावी लागतात. ती शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. रुग्णाच्या पोषणासाठी २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांची मदत सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १,००० रुपये करण्यात आली. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि पुष्कळ रुग्ण औषध सोडतात. ही चूक घातक ठरते, कारण उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात. डॉक्टरांनी सांगितलेला काळ पूर्ण होईपर्यंत औषध सोडू नये.

नाक, श्वासनलिका व जठर

क्षयाची शंका दूर झाल्यावर, धूम्रपान न करणाऱ्या व छातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष असलेल्या व्यक्तीच्या जुनाट कोरड्या खोकल्यामागे बहुधा पुढील तीनपैकी एक किंवा अधिक कारणे आढळतात.

पहिले कारण नाकातील. अ‍ॅलर्जी, जुनाट पडसे किंवा नाकाशेजारील पोकळ्यांचा दाह यांमुळे पाझरणारा स्राव नाकाच्या मागील बाजूने घशात उतरतो. घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, वारंवार खाकरावे लागते, आडवे झाल्यावर खोकला वाढतो. येथे उपचार नाकावर करावा लागतो, छातीवर नव्हे. नाकात मारावयाचे फवारे व अ‍ॅलर्जीवरील गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास आराम पडतो. पावसाळ्यात भिंतींवर येणारी बुरशी, ओलसर गाद्या-उशा व त्यांतील सूक्ष्म कीटक हे या अ‍ॅलर्जीचे नेहमीचे कारण असते. पाऊस उघडताच अंथरूण-पांघरूण कडक उन्हात घालणे आणि भिंतीवरील बुरशी ओल्या फडक्याने पुसून काढणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

दुसरे कारण दम्याचे. दमा म्हणजे धाप व छातीतील शिटीसारखा आवाज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु काही रुग्णांत धाप नसतेच. कोरडा खोकला हेच दम्याचे एकमेव लक्षण असते. तो रात्री उशिरा किंवा पहाटे, हसताना, धावताना, थंड हवेत वाढतो. फुंकण्याच्या यंत्रावर श्वासाची चाचणी करून याचे निदान करतात. श्वासावाटे घ्यावयाचे औषध, ज्यास लोक पंप म्हणतात, हा यावरील योग्य उपचार आहे. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय होय, अशा समजुती निराधार आहेत. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजली जाते. गोळीतून त्याहून कितीतरी अधिक औषध सर्व शरीरात जाते. पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून टाकावी, म्हणजे घशात बुरशी धरत नाही.

तिसरे कारण जठरातील. जठरातील आम्ल अन्ननलिकेतून वर चढते तेव्हा छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात. काहींना मात्र जळजळ न होता केवळ खोकला येतो. जेवणानंतर, वाकताना किंवा आडवे होताच ढास लागणे ही त्याची खूण होय. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी व बेताचे घ्यावे, तळकट व अति मसालेदार पदार्थ, मद्य आणि तंबाखू टाळावी, वजन अधिक असल्यास कमी करावे. खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सुमारे १५ सेंटीमीटर उंच करावी. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टर आम्ल कमी करणारी औषधे देतात. या उपचाराचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. धीर सोडू नये.

औषधापासून उद्भवणारा खोकला

रक्तदाब व हृदयविकार यांवर दिल्या जाणाऱ्या एका विशिष्ट वर्गातील औषधांमुळे साधारणतः शंभरांपैकी दहाच्या आसपास रुग्णांना कोरडा खोकला सुरू होतो. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही या वर्गातील परिचित नावे. ही औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एक द्रव्य तयार होऊ देत नाहीत. परंतु त्याच वेळी श्वासनलिकेस चाळवणारी काही द्रव्ये शरीरात साठू लागतात. खोकला औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी येतो, तसा काही महिन्यांनीही येतो. त्यामुळे गोळी व खोकला यांचा संबंध रुग्णाच्या ध्यानात येत नाही. अशा व्यक्तीने खोकल्याच्या कितीही बाटल्या घेतल्या तरी उपयोग होत नाही.

खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जाताना नेहमीच्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. गोळी मनाने बंद करू नये. रक्तदाब एकाएकी वाढणे खोकल्याहून घातक असते. डॉक्टर तिच्याऐवजी लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखे दुसऱ्या वर्गातील औषध देऊ शकतात. बदलानंतर खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत थांबतो. काहींना त्याहून अधिक काळ लागतो.

धूर, धूळ व व्यवसाय

घरोघरी स्वयंपाकाचा गॅस पोहोचला असला, तरी धूर घरातून सर्वस्वी गेलेला नाही. न्हाणीघरातील भाणाखाली चुडते, करवंट्या व ओली लाकडे पेटवली जातात. काजूच्या हंगामात बिया भाजताना निघणारा धूर डोळ्यांस व घशास फार झोंबतो. वर्षानुवर्षे हा धूर छातीत घेणाऱ्या स्त्रियांस, त्यांनी विडी-सिगारेट कधी हातीही धरली नसली तरी, धूम्रपान करणाऱ्यासारखा फुप्फुसांचा जुनाट विकार जडतो. न्हाणीघरास धुरांडे बसवणे, सुकी लाकडे वापरणे, बिया उघड्यावर व वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून भाजणे, लहान मुलांस तेथून दूर ठेवणे, हे उपाय कमी खर्चाचे आहेत.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा खोकला हा जणू त्याच्या सवयीचाच भाग समजला जातो. म्हणूनच तो अधिक धोक्याचा असतो. नेहमीच्या खोकल्याची तऱ्हा बदलली, तो वाढला, आवाज बसला किंवा रक्त पडले, तर फुप्फुसाच्या कर्करोगाची शंका घेऊन विनाविलंब तपासणी करावी. धूम्रपान सोडल्यानंतर प्रारंभीचे काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटतो. श्वासनलिका स्वच्छ होत असल्याचे ते लक्षण असून पुढे तो कमी होतो.

खाणी, खडी फोडण्याचे कारखाने, दगड कापणे व घासणे या कामांतील सूक्ष्म धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. धुळीत सिलिकाचे प्रमाण असल्यास सिलिकोसिस हा विकार होतो. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरील पेन्सिली कापण्याच्या धंद्यात कितीतरी कामगार या विकाराने ऐन उमेदीत दगावले. प्रारंभी कोरडा खोकला, मग श्रमाने लागणारी धाप आणि पुढे क्षयाचीही जोड, असा त्याचा क्रम असतो. झालेली हानी भरून काढणारे औषध त्यावर नाही. धूळ छातीत जाऊ न देणे हाच उपाय होय. पाणी मारून काम करणे, धूळ खेचून घेणारी यंत्रे बसवणे व धुळीस अडवणारे योग्य मुखाच्छादन पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तोंडास गुंडाळलेला रुमाल सूक्ष्म धूळ अडवू शकत नाही. कामगाराने डॉक्टरांस आपला व्यवसाय, पूर्वी केलेली कामेसुद्धा, आवर्जून सांगावा.

रात्री बळावणाऱ्या कोरड्या खोकल्याचे आणखी एक कारण उष्ण प्रदेशांत आढळते. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींविरुद्ध शरीराची तीव्र प्रतिक्रिया होऊन रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पेशी अतोनात वाढतात आणि दम्यासारखी लक्षणे दिसतात. साध्या रक्ततपासणीवरून याची शंका येते व हत्तीरोगावरील औषधाने सुमारे तीन आठवड्यांत गुण येतो.

मुलांचा खोकला

पूर्वी निरोगी असलेले लहान मूल खेळता-खाताना एकाएकी ठसकून खोकू लागले आणि खोकला थांबेना, तर शेंगदाणा, चणा, चिंचोका किंवा खेळण्याचा तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्यावी. ठसका काही वेळाने शमला तरी वस्तू आतच राहिलेली असू शकते. अशा मुलास तातडीने रुग्णालयात न्यावे. चार वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नयेत.

डांग्या खोकल्यात उबळीमागून उबळ येते, मूल लाल-निळे होते, शेवटी हुप्प असा श्वास घेते व पुष्कळदा ओकते. तान्ह्या बालकांच्या जिवास यापासून धोका असतो. त्यावरील लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पंचगुणी लसीतून आणि पुढे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान व पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीतून विनामूल्य दिली जाते. एकही मात्रा चुकवू नये.

बाटलीतील औषधाविषयी दक्षता

खोकल्याची पातळ औषधे निरुपद्रवी असतात, हा समज अत्यंत घातक आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा व लगतच्या भागात खोकल्याचे दूषित औषध पोटात गेल्याने वीसहून अधिक बालके मूत्रपिंड निकामी होऊन मृत्युमुखी पडली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. त्याची अनुमत मर्यादा केवळ ०.१ टक्का आहे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सूचना काढून दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी ती सर्वसाधारणपणे शिफारस करण्याजोगी नाहीत, असे बजावले. मुलांचा साधा खोकला पुरेसे पातळ पदार्थ, विश्रांती व काळजी यांनीच बहुधा बरा होतो.

प्रौढांनीही चिठ्ठीशिवाय ही औषधे घेऊ नयेत. काही औषधांत कोडीनसारखे गुंगी आणणारे व सवय लावणारे द्रव्य असते. काहींत खोकला दाबणारे आणि बेडका सुटा करणारे अशी परस्परविरोधी द्रव्ये एकत्र असतात. विषाणूजन्य खोकल्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरणे, गेल्या वर्षीची उरलेली बाटली पुन्हा काढणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

घरगुती उपायांचे स्थान

घरगुती उपाय त्याज्य नव्हेत. त्यांची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करणे, वरचेवर कोमट पाणी पिणे, आले घातलेला काढा किंवा हळद घातलेले दूध घेणे यांनी घशास आराम वाटतो. एक वर्षावरील मुलास व प्रौढास झोपण्यापूर्वी चमचाभर मध देणे हितावह आहे. एक वर्षाखालील बालकास मात्र मध बोटावरसुद्धा चाटवू नये. त्यातील विशिष्ट जंतूंमुळे तान्ह्या बालकास गंभीर विषबाधा होऊ शकते. वाफ घेताना उकळते पाणी सांडून मुले भाजण्याचे प्रकार घडतात. लहान मुलांस वाफ देऊ नये. परसातील अडुळसा ही परंपरेने चालत आलेली औषधी आहे आणि तिच्यातील वासिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सीन हे आधुनिक औषध तयार करण्यात आले. परंतु अडुळशाने क्षयाचे जंतू मरत नाहीत, तसेच आल्याने श्वासनलिकेत अडकलेला चणा निघत नाही. हे उपाय दोन आठवड्यांपर्यंत ठीक, त्यापुढे तपासणी.

धोक्याची चिन्हे

पुढीलपैकी कोणतेही चिन्ह दिसल्यास दोन आठवडेही थांबू नये : खोकल्यातून रक्त पडणे, बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, रोज संध्याकाळी ताप येणे, कारण नसताना वजन घटणे, पायांवर सूज येऊन आडवे झाल्यावर खोकला व धाप वाढणे, आवाज बसून तीन आठवडे होणे, बालकाने अन्नपाणी घेण्याचे सोडणे किंवा श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगे पडणे. यांपैकी पायांवरील सूज हृदयाच्या दुर्बलतेची सूचना असू शकते.

अशा रुग्णाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून आवश्यकतेप्रमाणे म्हापसा किंवा मडगाव येथील जिल्हा रुग्णालयात अथवा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जाते. क्षयरोगाविषयी माहितीसाठी १८००-११-६६६६ हा राष्ट्रीय विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

सर्वांचे सहकार्य

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणारी व्यक्ती स्वतः आरोग्य केंद्रात क्वचितच जाते. शेतीचे दिवस असतात, रोजंदारी बुडते. आणि क्षय निघाला तर लोक काय म्हणतील, घरातील मुलीचे लग्न कसे जमेल, ही भीतीही मनात असते. ही भीती दूर करणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. क्षय हा पूर्ण बरा होणारा रोग आहे, तो आनुवंशिक नाही, आणि उपचार घेणाऱ्या रुग्णास घरात वा गावात वेगळे टाकण्याचे कारण नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. वर्गात सतत खोकणाऱ्या मुलाच्या पालकांस निरोप पाठवणे, खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरण्याची सवय मुलांस लावणे आणि घरी कोणी दीर्घकाळ खोकत असल्यास दोन आठवड्यांचा नियम मुलांकरवी घरापर्यंत पोहोचवणे, ही कामे शिक्षकांस सहज करता येतील. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या विषयाची माहिती द्यावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या क्षयमुक्त पंचायत उपक्रमाचा तोच गाभा आहे. कार्यालयप्रमुखांनी तपासणीसाठी अर्धा दिवस मागणाऱ्या कर्मचाऱ्याची अडवणूक करू नये.

खोकल्याची तपासणी विनामूल्य आहे, तिला फार वेळ लागत नाही आणि बहुतेक वेळा तीतून साधे, लवकर बरे होणारे कारणच निघते. ज्यांच्या बाबतीत गंभीर कारण निघेल त्यांना तर लवकर झालेल्या निदानाचा लाभ सर्वाधिक होईल. यास्तव ज्या घरात कोणी पंधरा दिवसांहून अधिक काळ खोकत असेल, त्या घरातील मंडळींनी नवीन बाटली आणण्यापूर्वी रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावे.